हातात दिलेलं पाणी

३० ऑक्टोबर, लातूर

ही वही खास जहाजासाठी घेतली. पन्नाशी उलटलेल्या तीन मास्तरणी समुद्रावर हवा खायला चालल्या आहेत, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपच्या बेटांवर उतरायचं, नारळपाणी प्यायचं, फोटो काढायचे आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं. आरतीने दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं जुळवून आणलं आणि तेव्हापासून जहाज तिच्या माहेरचं असल्यासारखी ती आमच्यावर हुकूम सोडते आहे.

आरती औशाची, शिवगंगा उदगीरची आणि मी, पंचशीला, इथली लातूरची. नांदेडला बी.एड. करताना आम्ही होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. आरती बोलायची, शिवगंगा हसायची आणि मी खोड्या काढायची. अजूनही तेच चालू आहे, फक्त तिघींचे गुडघे दुखतात.

आरतीचा ताजा हुकूम असा की पंचीने पाण्याचा कॅन आणायचा नाही. मी तो केव्हाच भरून ठेवलाय. आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो आणि आला की घरातलं पातेलंसुद्धा रिकामं राहत नाही. अशा घरातली बाई पाणी न घेता प्रवासाला निघेल? आमचे हे, आनंदराज, म्हणाले की अगं, तिकडे चोहीकडे पाणीच असणार आहे. मी म्हटलं, मग ते पिऊन दाखवा.

आमच्याकडे पाण्याचा कायदाच आहे. माझी आई, केवळाबाई, रेणापूरजवळच्या एका खेड्यात वाढली. लहानपणी ती विहिरीच्या ओट्याखाली घागर घेऊन उन्हात उभी राहायची, वरच्या एखाद्या बाईला दया आली की ती लांबूनच धार सोडायची. तहान लागली तर ओंजळ धरायची, तीही खाली बसून. आईने आम्हा भावंडांना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पाणी मागणाऱ्याला न्हाई म्हणायचं न्हाई. आन् वरून वतायचं न्हाई, हातात द्यायचं. बाकी आईचं मी किती ऐकलं ते जाऊ द्या, पण एवढं पाळत आले आहे.

१ नोव्हेंबर, जहाजावर

जहाज म्हणजे आमच्या लातूरची अख्खी पेठ उचलून पाण्यावर ठेवलीय. आत दुकानं, लिफ्ट, पोहण्याचा तलाव, नाचायला जागा, आणि जेवणाच्या ठिकाणी एवढ्या परातींची रांग की कुठून सुरुवात करावी ते कळेना. शिवगंगाने पुरीभाजी सोडून बॅगेतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचं एक गुजराती कुटुंब मागायला आलं. तिने निम्मी चटणी त्यांना वाटून टाकली. तिचं नेहमी असंच.

आमची खोली तिघींची आहे. रांगेतली अगदी शेवटची. तीन पलंग, छोटी मोरी आणि काचेचं दार उघडलं की चार पावलांची बाल्कनी. बाल्कनीच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे पत्रे लावले आहेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डोकावू नये म्हणून. खाली नुसता समुद्र. पहिल्यांदा पाहून मी दाराची चौकट घट्ट धरली, मग इतका आनंद झाला की मी दोघींना मिठीच मारली.

संध्याकाळी शिवगंगाने बॅगेच्या तळातून काय काढावं? आमचे होस्टेलचे तीन स्टीलचे पेले! इतकी वर्षं तिने जपून ठेवले होते. प्रत्येकावर टोच्याने घातलेलं नाव: आरती, शिवगंगा, पंचशीला. नांदेडच्या वजिराबाद भागातल्या भांड्याच्या दुकानातून ही नावं घालून आणली होती ती आरतीच्या आईने, साखराबाईंनी. भांडी बदलू नयेत म्हणून, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या. कोणाचं भांडं कोणाला लागू नये ते मला तेव्हाही कळलं होतं. शिवगंगालाही कळलं होतं. तिने तिथल्या तिथे साखराबाईंच्या समोर माझा पेला उचलला, गटागटा पाणी प्यायली आणि अय्यो, पंचीच्या पेल्यातलं पाणी गोड लागतंय की, असं म्हणाली. त्या दिवसापासून ती माझी.

आरती आज त्या पेल्यांकडे बघून हसली आणि पटकन दुसरा विषय काढला. मीही तोच विषय पुढे चालवला. सुट्टी आहे.

२ नोव्हेंबर, दुपार

सकाळपासून जमीन दिसली नाही. ऊन आपल्याकडचंच, पण त्याला ओल आहे, अंगाला चिकटतं. त्या दोघी तलावावर गेल्या. आरतीला रील काढायचे होते आणि शिवगंगाला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. मी बाल्कनीत खुर्ची टाकून डुलक्या काढत होते.

पत्र्यापलीकडून एका बाईचा आवाज आला. बाई, पानी हाय का जी प्यायला?

मला काय वाटलं सांगू! या मुंबई-गुजरातच्या गर्दीत आपल्याकडची बोली. मी उठून विचारलं की कुठल्या तुम्ही, तर पुन्हा तेच, पानी द्या जी, घसा लई कोरडा पडला. बिचारी बाल्कनीत अडकली असेल, दार आतून लागलं असेल, असं मी धरलं. खोलीत जाऊन कॅनमधलं पाणी ओतलं. वर शिवगंगाचा पेला पालथा होता, तोच हाताला आला.

पत्र्याच्या कडेने हात आला. धुणं धुतल्यावर बोटं सुरकुततात तशी बोटं, पांढरी. आईच्या कायद्याप्रमाणे मी पेला त्या हातात दिला. हात गार होता. दुपारी, त्या उन्हात. पाणी पिण्याचा आवाज आला, मग पेला परत. मी आत बघितलं तर तळाशी चिमूटभर मीठ. मला हसू आलं. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, साखर नाहीतर दाणे टाकून देतात. या बाईकडे मीठच असेल. मी मोठ्याने म्हटलं की अहो, कशाला एवढं, आणि पेला मिठासकट आत टेबलावर ठेवला.

तेवढ्यात शिवगंगा उन्हाने तापलेली परत आली, समोरचाच पेला उचलून कॅनखाली धरला आणि पिऊन टाकला. अगं, धुवून घे, हे शब्द माझ्या तोंडातून निघेपर्यंत तिचं पिऊन झालं होतं.

३ नोव्हेंबर, सकाळी

शिवगंगाला काहीतरी झालंय. उठल्यापासून ती पाणीच पिते आहे. माझा कॅन संपला. खोलीतल्या बाटल्या संपल्या. आता ती मोरीतल्या नळाला तोंड लावते. ओठांना भेगा पडल्या आहेत, जीभ पांढरी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. आणि इतकं पिऊन एकदासुद्धा लघवीला गेली नाही. मग ते पाणी जातंय कुठे?

मी खोली आवरणाऱ्याला विचारलं की शेजारच्या खोलीतल्या मराठी बाईंना जरा भेटता येईल का. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मॅडम, तुमची खोली शेवटची, त्या बाजूला खोली नाही. मला वाटलं त्याची चूक होतेय. मी बाल्कनीत जाऊन कठड्याला घट्ट धरून पत्र्याच्या पलीकडे मान काढली.

पलीकडे जहाजाची गुळगुळीत भिंत आहे. उभं राहायला बोटभरसुद्धा जागा नाही.

मी विज्ञान शिकवते. मुलांना सांगते की भूतबित काही नसतं, आणि ते मी मनापासून सांगते. हात मात्र मी पाहिला. त्याला माझी बोटं लागली.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

जहाजाच्या डॉक्टरने सलाइन लावलं. बाटलीमागून बाटली गेली, कातडी तशीच. त्याने विचारलं, बाहेरचं पाणी प्यायल्या होत्या का. मी तोंड उघडायच्या आत आरतीने सांगितलं की हो, हिच्या घरच्या कॅनमधलं. गणवेशातले दोघे आले आणि कॅन प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. जाताना एकाने मला विचारलं की त्यात आणखी काही मिसळलं होतं का. मला! विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती.

बाहेर आल्यावर आरतीला मी सगळं सांगितलं, हात, पेला, मीठ. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, पंचे, उगंच भुताखेताचं नाव घेऊ नकोस, तुझ्या हातचं पाणी पिऊन ती आजारी पडली. तुझ्या हातचं. हे दोन शब्द ती दोनदा म्हणाली. इतक्या वर्षांनी साखराबाई तिच्या तोंडून बोलल्या.

मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. तिच्याशी नंतर बघून घेईन. आधी शिवगंगाला धडपणे उदगीरला पोचवायचं, एवढं एकच काम आहे.

४ नोव्हेंबर

डॉक्टरने सकाळी तिला खोलीत पाठवलं. रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाला, मनाचं असेल म्हणाला. जेवणाच्या ठिकाणी बायका मला पाहून बाजूला सरकतात. गोष्ट पसरली आहे. गुजराती कुटुंबातल्या सासूबाईंनी माझ्या हातातून चमचा घेतला नाही, टेबलावर ठेवा म्हणाल्या.

आज बेट होतं. आरती उतरली नाही आणि मीही नाही. तीन पलंगांच्या खोलीत आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. मध्ये शिवगंगा.

ती काचेच्या दाराकडे तोंड करून बसते. दुपारी मला विचारलं की ती बाहेरची बाई तुला ऐकू येते का. मी विचारलं, काय म्हणते? म्हणाली, कन्नडात बोलते. नीरू, नीरू, म्हणजे पाणी. शिवगंगाच्या घरची बोली कन्नडच. माझ्याशी ती आपल्या बोलीत बोलली होती. ज्याची जी बोली तिच्यात मागते म्हणजे.

मग शिवगंगाने सांगितलं की त्या बाईची तहान आता भागली आहे. ती जाते म्हणाली. तिची तहान माझ्याकडं आली बघ, मिठासंगं आली. हे ती अगदी सहज म्हणाली, शाळेतला एखादा निरोप सांगावा तसं. आणि खाली बघून म्हणाली, एवढं पाणी हाय की पंचे. तू उगं नळाचं आणतीस.

मी काचेचं दार बंद केलं, कडी लावली, पुढे खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर बसले. आरती म्हणाली, वेडी झालीस.

५ नोव्हेंबर, सकाळी

ती गेली.

पंचे, पाणी आण म्हणाली. बाटल्या संपल्या होत्या. मी आणायला गेले. पाणी आणायला – मीच. आरतीला बजावलं होतं, दार उघडू नकोस. परत आले तर खुर्ची बाजूला, दार सताड उघडं, पडदा बाहेर उडतोय. आरती मोरीतून तोंड पुसत आली. ती गुदमरतेय म्हणाली म्हणून उघडलं, म्हणाली. दोन मिनिटांसाठी तर उघडलं.

कठड्यावर तिची चप्पल. एकच.

जहाज फिरवलं. शोधलं. होड्या सोडल्या. ऊन लख्ख, पाणी सपाट, कुठे काही नाही.

५ नोव्हेंबर, दुपार

त्यांनी मला वेगळ्या खोलीत बसवलं आणि तेच तेच विचारलं. पाण्यात काय होतं. भांडण होतं का. पेला कुठला. कॅमेऱ्यात ती एकटी दिसते, स्वतः चढलेली, तरी विचारत राहिले. आरतीला त्यांनी चहा दिला. मला नाही.

उदगीरला फोन आरतीने केला. मी बोलते म्हटलं तर तिने फोन दिला नाही. शिवगंगाच्या लेकाला तिने काय सांगितलं कोण जाणे.

उद्या सकाळी मुंबई. फक्त उद्यापर्यंत.

५ नोव्हेंबर, दुपारीच

पत्र्यापलीकडून –

पंचे.

मी कान झाकले. आरतीनेही ऐकलं. तिचं तोंड पांढरं पडलं. म्हणजे मी वेडी नाही.

पंचे, पाणी दे की गं.

शिवगंगाचाच आवाज. तेच हेल. कडेने हात आला, फुगलेला, बोटं सुरकुतलेली. मनगटावर चट्टा. होस्टेलमध्ये चोरून पाणी तापवताना बसलेला. मीच बर्नॉल लावलं होतं त्याला.

आरती उठली. बाटली घेतली. मला वाटलं ती समुद्रात भिरकावणार. नाही. ती दारात उभी राहिली, लांब, हात सरळ पुढे केला आणि त्या हातावर वरून धार सोडली. लांबून. हात उलटा झाला, ओंजळ धरायला बघत होता. निम्मं पाणी खाली सांडलं. बाहेरून रडल्याचा आवाज आला. मग हात गेला.

आरती आत आली. बाटलीला बूच लावलं आणि हसली. म्हणाली, बघ, मला काही झालं नाही. असंच द्यायचं असतं, वरून. आई सांगायची.

तिला खरंच काही झालं नाही. जेवली. झोपलीसुद्धा.

म्हणजे वरून ओतलं तर वाचता येतं. शिवायचं नाही, पेला परत घ्यायचा नाही, मीठ येत नाही. इतकं सोपं.

माझी आई खाली बसून ओंजळ धरायची. वरच्या बायकांनाही काही झालं नाही कधी.

६ नोव्हेंबर, पहाट उलटून

उजाडलंय. लांब किनाऱ्याची रेघ दिसते. आरतीची बॅग भरून दारात उभी आहे, ती स्वतः बाहेर निघून गेली, माझ्याबरोबर खोलीत थांबायला तयार नाही. आनंदराजचा फोन आला, नळ आला होता, सगळं भरून ठेवलंय, तू ये फक्त. मी येते म्हटलं.

शिवगंगा अजून मागतेय. थांबत नाही. आवाज बसलाय.

पंचे, जीव चाललाय गं. सगळीकडं खारट हाय.

मी नाही म्हटलं. तिला नाही म्हटलं, तीनदा. आमच्या घरात कोणी कधी –

वरून ओतू का? बाटली भरलेली आहे. लांबून, दारात उभी राहून. आणि दोन तासांत जमीन. आणि ती खाली ओंजळ धरून. शिवगंगा. जिने सगळ्यांसमोर माझा पेला –

तिच्या आधीची बाई गेली. तहान भागली आणि गेली. म्हणजे शिवगंगाही जाईल. सुटेल. कोणीतरी हातात दिलं तर. मीठ घेतलं तर.

आनंदराज, शाळेच्या कपाटाची किल्ली देवघर – नाही, आपल्याकडे कुठलं – बुद्धाच्या मूर्तीमागे आहे. आरतीवर केस करू नका. तिला कळणार नाही.

हात आलाय. बोटं पत्र्यावर वाजतात.

माझा पेला काढला. नाव अजून स्वच्छ वाचता येतं. भरला, काठोकाठ.

आले गं, आले. वरून नाही. हातात